शेजारचा आवाज, शेजारचा वास : 'आपसात मिटवा' म्हटलं की मिटतं का?

घाटंजी : तालुक्यातलं कोणतंही गाव घ्या. फेब्रुवारी महिना, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आणि चौकातल्या मंडपावर चार भोंगे चार दिशांना तोंड करून बांधलेले. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी आवाज खाली येत नाही. दुसरं गाव घ्या. जुलै महिना, झड लागलेली आणि शेजाऱ्याच्या गोठ्यामागचा उकिरडा भिजून त्याचं काळं पाणी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागलेलं. जेवायला बसलं की घास तोंडाजवळ नेववत नाही.

दोन्ही ठिकाणी त्रास होणारा माणूस आधी शेजाऱ्याला बोलून पाहतो. मग सरपंचाकडे जातो. फारच झालं तर ठाण्यात जातो. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच, "आपसात मिटवून घ्या." आता आपसात मिटत असतं तर तो तिथवर गेलाच कशाला असता?

मिटत तर नाहीच, उलट आत साचत जातं. आधी दोन घरांचं बोलणं बंद होतं. मग पोळ्याला एकमेकांच्या दारात बैल जात नाहीत. मग एक दिवस धुऱ्यावरून, नाहीतर नळाच्या पाण्यावरून काठ्या निघतात. गुन्हा दाखल होतो तो मारहाणीचा. सुरुवात उकिरड्याच्या वासापासून झाली होती, हे कागदावर कुठेच येत नाही. म्हणून हा त्रास किरकोळ वाटतो, आणि किरकोळ वाटतो म्हणून कोणी हात घालत नाही.

ठाण्यातून रिकाम्या हाताने परत येण्यामागे एक कायदेशीर कारणही आहे, ते समजून घेतलेलं बरं. 1 जुलै 2024 पासून जुना भारतीय दंड संहितेचा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या तिच्या कलम 270 मध्ये आहे आणि शिक्षा कलम 292 मध्ये. जुन्या कलम 290 मध्ये दंड होता जास्तीत जास्त 200 रुपये, आता तो 1,000 रुपये झाला. पण गुन्हा राहिला अदखलपात्रच. म्हणजे पोलीस एन.सी. लिहून घेतात, कागद हातात देतात आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. हजार रुपयांच्या दंडाला भिणारा माणूस आज सापडणं कठीण. त्यामुळे 'एन.सी. केली' म्हणून निश्चिंत होण्यात काही अर्थ नाही. खरा उपाय दुसऱ्या दारात आहे, आणि आवाजाचं दार वेगळं, वासाचं वेगळं.

आवाजाला आकडा आहे

आवाजाच्या बाबतीत कायदा चांगलाच स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. त्यानुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असेल तर तिथे दिवसा 50, रात्री 40. समोरासमोर बसून दोन माणसं नेहमीच्या आवाजात बोलतात तेव्हाच साधारण 60 डेसिबल होतात. त्यावरून 55 म्हणजे किती कमी, हे लक्षात यावं. मंडपातले भोंगे आणि वरातीतला डीजे या आकड्याच्या आसपासही नसतात.

डेसिबलचा हिशेब मात्र साध्या बेरजेचा नाही, आणि इथे बरेच जण फसतात. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे 6 डेसिबलनेच उतरतो. समजा डीजेपासून 10 मीटरवर 100 डेसिबल आहेत, तर 20 मीटरवर 94, 40 मीटरवर 88 आणि 80 मीटरवरच्या घरातही 82. म्हणजे "थोडा आवाज कमी करा रे" म्हणून डीजेवाल्याने बटण जरासं फिरवलं तर चौथ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही फरक पडत नाही. भोंग्याचं तोंड वस्तीकडून मंडपाच्या आत वळवलं तर मात्र लगेच पडतो. भांडणाआधी करून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. मंडपात बसलेल्यांना कीर्तन ऐकू यावं एवढंच हवं असेल तर दोन लहान स्पीकर पुरतात.

खासगी घरातल्या किंवा अंगणातल्या साऊंड सिस्टीमचाही नियम आहे. त्या जागेच्या हद्दीवर आवाज मोजला तर तो ठरलेल्या मर्यादेच्या 5 डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये. म्हणजे "माझ्या घरात मी काहीही वाजवीन" हे म्हणणं चालत नाही. सभागृहासारखी बंदिस्त जागा सोडली तर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त 15, रात्री 12 पर्यंत सूट देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपल्या गावचा सप्ताह, उरूस, जयंती किंवा घरचं लग्न त्या यादीत आहे का, हे आधी पाहावं. बहुतेकांना वाटतं की लग्नाला सूट असतेच. तशी ती नसते.

हे सगळं मुंबई-पुण्यासाठी, आपल्याकडे कोण विचारतो, असं म्हणणारे गावोगाव आहेत. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. 23 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. प्रकरण मुंबईच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांचं होतं. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर मार्च 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की भोंग्यांचा आवाज मर्यादेत आहे का, हे पाहण्याची जबाबदारी त्या त्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकाची राहील. राज्य म्हणजे त्यात घाटंजी आणि पारवा ठाणेही आलंच.

पण त्या निकालातला खेड्यासाठी सगळ्यात कामाचा भाग वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा कमी झाली. तक्रार आली की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत बसू नये, आणि ओळख माहीत असली तरी ती समोरच्याला कळू देऊ नये, असं न्यायालयाने सांगितलं. शहरात याचं महत्त्व चटकन कळणार नाही. तिथे वरच्या मजल्यावरचा माणूस कोण, हेच खालच्याला माहीत नसतं. गावात पोलिसांची गाडी चौकात आली की अर्ध्या तासात 'कोणी फोन केला' हे सगळ्या गावाला कळलेलं असतं. मग त्या घराला मंडळ वर्गणी मागत नाही, पंगतीचं बोलावणं येत नाही. त्यात तक्रारदार दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा निघाला तर आवाजाचा मुद्दा बाजूलाच राहतो आणि भलतंच पेटतं. लोक रात्रभर उशीत डोकं खुपसून पडतात पण 112 ला फोन करत नाहीत, त्याचं कारण हे आहे. नियम माहीत नाहीत हे दुय्यम. तेव्हा फोन करताना "माझं नाव सांगू नका, उच्च न्यायालयाचा आदेश आहे" एवढं स्पष्ट बोलावं. ठाण्यानेही ते पाळावं. नाव फुटलं तर त्या गावातून पुढची तक्रार येणार नाही, आणि ठाण्याला वाटेल की गाव शांत आहे.

कारवाईचा क्रमही न्यायालयाने सांगितला आहे. आधी समज, पुन्हा तसंच केलं तर दंड, तरीही ऐकलं नाही तर भोंगे जप्त आणि परवाना रद्द करण्याची कारवाई.

व्हॉट्सअॅपवर एक जुना मेसेज मात्र अजून फिरतो की आवाज केला तर 5 वर्षं जेल आणि 1 लाख दंड. पर्यावरण संरक्षण कायद्याची ती शिक्षा आता बदलली आहे. 1 एप्रिल 2024 पासून त्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली आणि तो दंड ठरवणारा अधिकारी वेगळा असतो. त्यामुळे शेजाऱ्याला "तुला जेलात घालतो" अशी धमकी देऊ नये. तो वकिलाला विचारेल आणि तुमचंच हसं होईल.

मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप असतं, त्याचा आकडा ढोबळ असतो. पुरावा म्हणून तो टिकेल असं समजू नये. त्यापेक्षा तारीख, वेळ आणि घराच्या दारातून काढलेला व्हिडिओ उपयोगी पडतो. पोलीस ठाण्यांना आवाज मोजण्याची यंत्रं द्या, असं उच्च न्यायालयाने 2016 मध्येच सांगितलं होतं. रात्री 10 नंतर भोंगा सुरू असेल तर तर आकड्याची भानगडच नाही, वेळ हाच पुरावा.

हे गावपातळीवर जमतं का, असं कोणी विचारलं तर शेजारच्याच नांदेड जिल्ह्यात पाहावं. मुदखेड तालुक्यातल्या बारड गावाने 2018 मध्ये ग्रामपंचायतीत ठराव घेऊन सगळ्या प्रार्थनास्थळांवरचे भोंगे उतरवले. मंदिरं, मशीद, बुद्धविहार, सगळ्यांचेच. एकाचा उतरवला आणि दुसऱ्याचा ठेवला असता तर ठराव आठवडाभरही टिकला नसता. राज्यात 2022 साली भोंग्यांवरून राजकारण तापलं तेव्हा टीव्हीवाले त्या गावात गेले, आणि तिथे वादाला विषयच उरला नव्हता.

वासाला मीटर नाही

वासाचं प्रकरण यापेक्षा अवघड. कोणत्याही ठाण्यात वास मोजायचं यंत्र नाही आणि गोठ्याला किती वास चालतो याचा आकडाही कायद्यात नाही. एकाला शेणाचा वास घरचा वाटतो, दुसऱ्याला त्यानेच उलटी येते. त्यामुळे इथे सगळं वजन एका प्रश्नावर येतं. त्रास एकाच घराला आहे की आजूबाजूच्या वस्तीला?

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 म्हणजे जुनं 133. तालुक्यात अजूनही कित्येक अर्जांवर 133 च लिहिलेलं असतं. लोकांच्या आरोग्याला किंवा सुखाला बाधा आणणारा धंदा, साठा किंवा घाण हटवण्याचा आदेश या कलमाखाली उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले एसडीओ साहेब, काढू शकतात. आदेश सशर्त असतो. इतक्या दिवसांत हटवा, नाहीतर समोर येऊन कारण सांगा. हटवलं नाही तर प्रशासन स्वतः काम करून खर्च वसूल करू शकतं. हजार रुपयांच्या दंडापेक्षा हे हत्यार कितीतरी धारदार आहे. पण ते चालतं 'समाजाला' त्रास असेल तेव्हा. एकट्या घराचा अर्ज गेला की तो 'खासगी वाद' म्हणून परत येतो, आणि कायद्याने ते बरोबरच आहे. त्याच उकिरड्याबद्दल गल्लीतल्या पाच-सात घरांनी सह्या केल्या, सोबत ग्रामपंचायतीचा पंचनामा आणि आरोग्य उपकेंद्रात केलेल्या तक्रारीची पोच जोडली, की अर्जाचं रूप बदलतं.

घर खरंच एकटंच असेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, हे आधीच समजून जावं.

पैसा नाही म्हणून घाण काढता येत नाही, हे उत्तर मात्र ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला देता येत नाही. त्यावर 1980 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात एका वॉर्डातले लोक उघड्या गटारांच्या आणि दारूच्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या दुर्गंधीने बेजार झाले होते. त्यांनी याच जुन्या कलम 133 खाली दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली. नगरपालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि म्हणाली, आमच्याकडे पैसा नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते मान्य केलं नाही. गटारं आणि संडास बांधा, असाच हुकूम झाला. घाटंजी शहरातल्या नाल्यांचा प्रश्न असो की खेड्यातल्या सांडपाण्याचा, हा निकाल अर्जात लिहायला हरकत नाही.

कुक्कुटपालनाच्या शेडचा वास हा अलीकडे वाढलेला विषय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पोल्ट्री फार्म शक्यतो वस्तीपासून 500 मीटर दूर असावा. गावाला लागून शेड उभं राहत असेल तर तेव्हाच ग्रामसभेत बोलावं. पत्रे चढल्यावर आणि कर्ज झाल्यावर बोललं तर समोरच्याच्या पोटावर पाय येतो आणि मग तोही ऐकत नाही. सुरू असलेल्या शेडचा वास बहुतेक वेळा खालचं तूस ओलं राहिल्याने येतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. गळकी पाण्याची भांडी बदलली, तूस हलवून कोरडं ठेवलं तर वास कमी होतो आणि पक्षीही कमी मरतात. म्हणजे मालकाचाच फायदा आहे.

गोठेवाल्याचीही बाजू आहे. घाटंजीच्या आसपास आणि मोठ्या गावांच्या कडेला वावरं मोडून प्लॉट पडले. गोठा वीस वर्षांपासून तिथेच होता, शेजारी टाइल्सचं घर काल आलं. "वास येतो हे प्लॉट घेताना दिसलं नाही का?" हा त्याचा सवाल बिनबुडाचा नाही. न्यायालयात 'आम्ही आधीपासून इथे' एवढ्यावर सुटका होत नाही हे खरं, पण माणसामाणसांत त्याला वजन आहे. ज्याच्या घरची चूल दोन म्हशींवर चालते त्याला "गोठा हलव" म्हणणं सोपं आहे, हलवायचा कुठे ते कोणी सांगत नाही. अशा वेळी तंटामुक्ती समिती कामाला यावी अशी अपेक्षा होती. 15 ऑगस्ट 2007 रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पहिल्या काही वर्षांत गावांनी बक्षिसंही घेतली. आता कित्येक ठिकाणी अध्यक्षाची निवड होते, हार घालून फोटो निघतो आणि समिती पुढच्या निवडीलाच पुन्हा दिसते. गोठा आणि उकिरडा हा तिच्यासाठी अगदी योग्य विषय आहे. दोन्ही बाजू गावच्याच असतात आणि तोड पैशाने नाही तर जागेने आणि विटांनी निघते.

विटांनी म्हणजे काय, तर याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात तयार झालेलं आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी कंपोस्टची जी पद्धत काढली ती 'नाडेप' नावाने देशभर गेली. आपल्याकडे शेतकऱ्याला ती खताची पद्धत म्हणून माहीत आहे. ती वासाचाही इलाज आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. उकिरडा घाण मारतो कारण ढिगाच्या आत हवा जात नाही. हवा नसली की शेण आणि काडीकचरा सडतो आणि वायू सुटतात. वरून पाऊस पडला की तो आणखी घट्ट बसतो आणि काळं पाणी बाहेर येतं. नाडेपची टाकी जमिनीच्या वर बांधतात, साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, आणि भिंतीत ठरावीक अंतरावर विटेची भोकं सोडतात. त्यातून हवा खेळते. काडीकचरा, शेणकाला आणि कोरडी माती असे थर देऊन टाकी एक-दोन दिवसांत भरायची आणि वरून शेणमातीने लिंपून टाकायची. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार होतं, त्याला मातीसारखा वास येतो. शेणही कमी लागतं, कारण बराचसा भाग कचऱ्याचा आणि मातीचा असतो. तुरीच्या काड्या आणि सोयाबीनचं कुटार जाळण्यापेक्षा तिथे टाकता येतं.

खर्चासाठी रोजगार हमीतून शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आहे. 2021 मध्ये ती आली तेव्हाच्या दरानुसार नाडेप टाकीला 10,537 रुपये आणि 2 ते 6 जनावरांच्या पक्क्या गोठ्याला 77,188 रुपये धरलेले होते. पक्क्या गोठ्यात सिमेंटचा तळ, गव्हाण आणि मूत्र साठवायची टाकी येते. वास मारणारं मूळ म्हणजे जमिनीत मुरलेलं मूत्रच असतं, ते तिथे थांबतं. जॉबकार्ड लागतं आणि अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. आजचे दर ग्रामसेवकाकडून, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडून, विचारून घ्यावेत.

शेजाऱ्याविरुद्ध अर्ज लिहायच्या आधी त्याच्यासाठी हा अर्ज भरून देता आला तर पाहावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, त्यातल्या एकीत गल्लीतल्या सगळ्या उघड्या उकिरड्यांची यादी करून नाडेपचा ठराव घेता येतो. यादी सगळ्यांची हवी, एकाचंच नाव नको. टाकी उन्हाळ्यात बांधून झाली पाहिजे. मृग लागला की वीट ओली, रेती महाग आणि मजूर पेरणीत. मग तो उकिरडा आणखी एक पावसाळा तिथेच राहतो.